नीटचं रीचेकिंग निकालाच्या आधी असतं

उदगीरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. नीट, सीईटी, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातपडताळणी, सगळं इथेच होतं. मुलं मला ताई म्हणतात, त्यांचे आईवडीलही ताईच म्हणतात. मेडिकलच्या प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की पुढचा आठवडाभर एकच प्रश्न माझ्या कानावर पडत राहतो, "ताई, रीचेकिंगचे फॉर्म कधी सुटणार?" दर वर्षी मला तेच सांगावं लागतं, की ते फॉर्म निकालाच्या आधीच सुटले होते आणि बंदही झाले. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो तो मला बघवत नाही. म्हणून या वेळी सगळं नीट लिहून काढतेय.

लोकांची ही समजूत आली कुठून, ते मला कळतं. ती बोर्डातून आली आहे. बारावीला निकाल लागल्यावर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, ती शिक्षकांना दाखवून पुनर्मूल्यांकनाला टाकता येते. २०२५ साली नीट ४ मेला झाली, रविवारी, आणि दुसऱ्याच दिवशी, ५ मेला बारावीचा निकाल लागला. मग तो अर्धा महिना माझ्याकडे छायाप्रतींचे अर्ज चालू होते. ज्या घरात मुलीच्या केमिस्ट्रीची छायाप्रत मागवली, त्याच घरात तिच्या नीटच्या निकालाची वाट बघणं चालू होतं. बोर्डात निकालानंतर दाद मागता येते, तर नीटला का नाही, असं त्यांना वाटणारच.

पण नीटचा पेपर कुणी परीक्षक लाल पेन घेऊन तपासत नाही. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला वजा एक, आणि उत्तरं काळ्या गोलांमध्ये. ती गोलांची उत्तरपत्रिका, म्हणजे ओएमआर शीट, मशीन वाचतं. त्यामुळे शंका दोनच असू शकतात. एक, मी भरलेला गोल मशीनने तसाच वाचला का? दोन, परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेने जे उत्तर बरोबर धरलंय ते खरंच बरोबर आहे का? या दोन्ही शंका विचारायची सोय आहे, आणि ती निकालाच्या आधी आहे. २०२५ ला ३ जूनला तात्पुरती उत्तरतालिका आली, तिच्याबरोबर ओएमआरची स्कॅन केलेली प्रत आणि मशीनने नोंदवलेली उत्तरं दिसू लागली. ५ जूनच्या रात्री आक्षेप घ्यायची खिडकी बंद झाली. १४ जूनला अंतिम उत्तरतालिका आणि निकाल. त्यानंतर फेरतपासणी नाही, हे माहितीपुस्तिकेत आधीपासून छापलेलं असतं. पण ती पुस्तिका इंग्रजीत किंवा हिंदीत, शंभरावर पानांची. फॉर्म भरायच्या गर्दीत ती कोण वाचणार?

ओएमआरची प्रत नोंदवलेल्या ईमेलवरही येते. आता आमच्याकडे ते ईमेल कसे तयार होतात ते सांगते. फॉर्म भरायला बाप आणि लेकरू येतं. लेकराकडे मोबाईल नसतो, कारण क्लासवाल्यांनी सांगितलेलं असतं, दोन वर्षं मोबाईल बंद. मग कुठल्या तरी केंद्रावर बसून घाईत एक ईमेल काढला जातो, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहिला जातो, आणि ती चिठ्ठी पाकिटात जाते. ओटीपी बापाच्या फोनवर, बाप शेतात. तिथे जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरणीची तयारी चाललेली असते. म्हणजे त्या लेकराच्या दोन वर्षांच्या मेहनतीचा कागद एका अशा पेटीत येऊन पडतो जी कुणी उघडतच नाही. मी आता फॉर्म भरतानाच ईमेल, पासवर्ड आणि अर्ज क्रमांक ॲडमिट कार्डच्या झेरॉक्सच्या मागे लिहून देते आणि आईच्या हातात देते. आया कागद हरवत नाहीत.

२०२५ च्या निकालानंतरची गोष्ट. जळकोटकडच्या एका गावातले मामा लेकीला घेऊन आले. मुलगी शहाणी, दहावीला तालुक्यात नाव काढलेली, दोन वर्षं लातूरला खोली करून राहिलेली. परीक्षेहून आल्यावर तिने प्रश्नपुस्तिकेवरच्या खुणांवरून हिशेब केला होता आणि निकालात त्याच्यापेक्षा पन्नासच्या वर गुण कमी होते. मामांचं म्हणणं एकच, "ताई, हिचा पेपर दुसऱ्याच कुणाचा तरी धरलाय. पैसे किती लागायचे ते लागू द्या, पण तपासायला लावा." मुलगी काही बोलत नव्हती. मी विचारलं, ओएमआर बघितली का बाळा? तिने मान हलवली. बघितलीच नव्हती. खोली सोडून गावी आली, गावात रेंज नाही, आणि आता निकालच बघू म्हणून राहून गेलं.

ईमेल उघडला. पत्रक तिचंच होतं. सही तिची, अंगठा तिचा, पुस्तिकेचा कोड जुळत होता. मग आम्ही एकेक प्रश्न लावत गेलो. फिजिक्स जुळलं. केमिस्ट्री जुळली. बायोलॉजीत मधेच एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. एक प्रश्न तिने नंतर बघू म्हणून सोडला होता, पण गोल सोडला नव्हता. पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्या रिकाम्या ओळीत गेलं, आणि शर्टाचं एक बटण चुकलं की खालची सगळी चुकतात तसं पुढच्या दहा-बारा प्रश्नांचं झालं. पुस्तिकेत उत्तरं बरोबर, पत्रकावर एकेक घर वर सरकलेली. मग कुठे तरी तिच्या लक्षात आलं असावं किंवा पान बदललं असावं, तिथून पुढे पुन्हा सगळं जागेवर.

मामांनी विचारलं, "मग तपासणाऱ्याला कळत नाही का वो, लेकराचं सगळं एक घर सरकलंय म्हणून?" मला त्यांना सांगावं लागलं, की मामा, तिथे तपासणारा माणूस नाही. मशीनला फक्त गोल काळा आहे की नाही एवढंच दिसतं. हे वेळेत बघितलं असतं तरी गुण वाढले नसते, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. तिने जो गोल भरला तोच मशीनने वाचला होता, आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. पण जूनच्या ३ तारखेला हे कळलं असतं तर मधले ते दिवस ती पोर आपले गुण खरंच किती हे धरून राहिली असती. कुठल्या कॉलेजला नंबर लागेल, आयुर्वेदाचं बीएएमएस बघायचं का, पुन्हा एक वर्ष द्यायचं का, हे शांतपणे घरात बोलता आलं असतं. तिच्या वाट्याला ते न येता एकदम निकालाचा आकडा आला, आणि त्यावर आपल्याबरोबर काही तरी घोटाळा झालाय ही शंका. ती शंका मुलांना आतून पोखरते. पुन्हा अभ्यासाला बसवतच नाही. त्या दिवशी पत्रक बघितल्यावर ती खूप रडली, पण जाताना मला म्हणाली, "ताई, म्हणजे मला येत होतं." हो, येत होतं. मला तिला हेच दाखवायचं होतं.

म्हणून मी म्हणते, ओएमआर जुळवणं हे फक्त तक्रार करणाऱ्यांचं काम नाही. प्रत्येकाने करावं. माझी पद्धत सांगते. आधी पुस्तिकेचा कोड बघायचा, कारण २०२५ ला ४५, ४६, ४७, ४८ असे चार कोड होते आणि प्रत्येकाचा प्रश्नक्रम वेगळा. दर वर्षी एक तरी मूल दुसऱ्याच कोडची उत्तरतालिका लावून हादरून जातं. मग तीन कागद शेजारी ठेवायचे: पुस्तिका, ओएमआरची प्रत, आणि नोंदवलेली उत्तरं. नोंदवलेली उत्तरं घरच्या कुणी मोठ्याने वाचायची, मुलाने ओएमआरवर बोट ठेवायचं. एकट्या मुलाने करू नये. जे भरलं असेल असं त्याला वाटत असतं तेच त्याला दिसतं. अर्धवट भरलेला गोल, दोन गोल, रेघ बाहेर गेलेली, हे दुसऱ्याच्या डोळ्यांना चटकन दिसतं. ओएमआरवर स्पष्ट एक गोल काळा आहे आणि नोंद वेगळी दाखवतेय, असं असेल तरच आक्षेप घ्यायचा. प्रश्नामागे २०० रुपये भरायचे. पैसे भरल्याशिवाय आक्षेप धरत नाहीत.

उत्तरतालिकेवरचा आक्षेप हे वेगळं प्रकरण. त्यालाही प्रश्नामागे २००, आणि पुरावा म्हणून पुस्तकाचं पान पीडीएफ करून जोडायचं. इथे घाई नको. मी बीएस्सी फिजिक्सची आहे, तरी मी स्वतःच्या मताने कुणाला आक्षेप घ्यायला लावत नाही. एक मुलगा नऊ प्रश्नांची यादी घेऊन आला होता, बाप अठराशे रुपये मोजायला तयार. मी त्याला त्याच्या सरांकडे पाठवलं. सरांनी आठ खोडून टाकले आणि एका प्रश्नाला एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाचं पान काढून दिलं. तेवढा एकच टाकला. आक्षेप मान्य झाला की नाही हे कुणाला वेगळं कळवत नाहीत, अंतिम उत्तरतालिका आली की त्यात बघायचं. त्याचं उत्तर काही बदललं नाही. पण तो ते पान आणि तो प्रश्न आता जन्मभर विसरणार नाही, आणि घरात कुणाला हळहळही राहिली नाही.

आक्षेपाने काही होत नाही असं मात्र समजू नका. २०२४ चा अणूचा प्रश्न आठवा. दोन विधानं होती. पहिलं, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. तात्पुरत्या उत्तरतालिकेत चौथा पर्याय बरोबर होता: पहिलं खरं, दुसरं चूक. विज्ञान म्हणून तेच बरोबर, कारण सगळ्याच मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, किरणोत्सारी अणू आपण शिकतोच. पण बारावीच्या एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत ते वाक्य जवळजवळ प्रश्नात होतं तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत "बहुतेक" मूलद्रव्यांचे, असं दुरुस्त केलेलं. ज्यांनी जुनं पुस्तक वाचलं त्यांनी दुसरा पर्याय, दोन्ही विधानं खरी, हा निवडला. या एका प्रश्नावर तेरा हजारांहून जास्त आक्षेप गेले आणि अंतिम तालिकेत दोन्ही पर्याय बरोबर धरले गेले. त्या वर्षी ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, त्यातल्या ४४ जणांना ते या प्रश्नामुळे होते.

मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २२ जुलैला आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञ नेमायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चौथा पर्याय एकटाच बरोबर. सगळ्यांची फेरपरीक्षा घ्यायची मागणी नाकारली गेली, पण हा प्रश्न सगळ्यांसाठी पुन्हा मोजला गेला. देशातल्या चार लाखांवर मुलांचे पाच-पाच गुण गेले, चार मिळालेले आणि एक वजा. २६ जुलैला सुधारित निकाल आला तेव्हा पैकीच्या पैकी गुण असलेले १७ उरले.

माझ्या केंद्रात त्या दिवशी काय झालं ते मी विसरणार नाही. पाच गुण गेलेली मुलं कोण होती? ज्यांनी थोरल्या भावाची, चुलत बहिणीची पुस्तकं वापरली ती. लातूरला अर्ध्या किमतीत जुना संच मिळतो, आमच्याकडची बहुतेक मुलं तोच घेतात. नवीन आवृत्तीत एका शब्दाने वाक्य बदललंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी नवीन पुस्तक वाचून चौथा पर्याय लिहिला होता त्यांच्यावर आधी अन्याय झाला होता, हेही तितकंच खरं आहे, आणि तज्ज्ञांनी दिलेलं उत्तर बरोबरच होतं. पण पाच गुणांनी क्रमांक हजारोंनी मागे जातो, आणि सरकारी कॉलेज की खासगी, हे तिथेच ठरतं. शेतात राबणाऱ्या घराला त्या दोन्हींच्या फीमधला फरक झेपत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, जुना संच घ्या, जरूर घ्या, पण एनसीईआरटीच्या साइटवर नव्या आवृत्तीची पीडीएफ फुकट आहे, ती उतरवून घ्या. प्रिंट मी कागदाच्या किमतीत काढून देते.

दोन गोष्टी बदलायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. तीन दिवसांची खिडकी फार लहान आहे. वीस लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसतात, त्यातली कितीतरी अशा गावात असतात जिथे वळवाच्या पावसात एकदा लाइट गेली की दुसऱ्या दिवशीच येते. आठवडा तरी द्यावा. दुसरं, आक्षेप बरोबर ठरला तर ते २०० रुपये परत मिळायला हवेत. उत्तर सुधारलं तर ते सगळ्यांसाठी सुधारतं, मग ते दाखवून देणाऱ्या एकट्या मुलाने भुर्दंड का सोसायचा? ज्याच्या घरात दोनशे रुपये म्हणजे एका दिवसाची मजुरी आहे, तो चार प्रश्नांवर शंका असली तरी गप्प बसतो.

निकालानंतर कोर्टात जाऊ म्हणणारेही येतात. त्यांना मी सोलापूरचं उदाहरण सांगते. २०२१ ला तिथल्या केंद्रावर दोन विद्यार्थ्यांच्या प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिका वाटताना सरमिसळ झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या दोघांची पुन्हा परीक्षा घ्यायला सांगितलं, त्यासाठी देशाचा निकाल थांबला. सर्वोच्च न्यायालयाने आधी निकाल लावायला परवानगी दिली आणि पुढे वेगळ्या परीक्षेचा आदेशही रद्द केला. चूक मुलांची नसतानाही. २०२५ च्या एका प्रश्नाच्या उत्तरावरची याचिकाही ४ जुलैला तिथे ऐकून घेतली गेली नाही. कोर्टाचा हक्क सगळ्यांना आहे, मी कुणाला अडवत नाही, पण जमीन गहाण टाकून त्या वाटेला जाऊ नका. त्याच पैशात मुलीचं आणखी एक वर्ष निघतं.

आणि फोन. निकालाच्या आसपास अनोळखी नंबरवरून फोन येतात, "आमची आत ओळख आहे, रीचेकिंगमध्ये मार्क वाढवून देतो." जून २०२५ मध्ये सीबीआयने असे गुण वाढवून देतो म्हणणाऱ्या दोघांना पकडलं, एक सोलापूरचा, एक नवी मुंबईचा, एका विद्यार्थ्यामागे ९० लाख मागितल्याचा आरोप. आत कुणाशी संगनमत सापडलं नाही असंही सीबीआयने सांगितलं. म्हणजे वाढवून कुणी देत नव्हतंच, घेणारे फक्त पैसे घेत होते. असा फोन आला तर नंबर लिहून ठेवा आणि पोलिसांकडे जा. पैसे दिल्यावर लाजेने गप्प राहणारी माणसं मी बघितली आहेत, तीही आपलीच माणसं आहेत.

पुढच्या वेळी नीट देणाऱ्यांनी एवढं करा. परीक्षेहून आणलेली प्रश्नपुस्तिका निकाल लागून ॲडमिशन होईपर्यंत रद्दीत घालू नका. फॉर्मवरचा मोबाईल नंबर बदलू नका, रिचार्ज संपू देऊ नका. परीक्षा झाल्यावर रोज एकदा साइट बघा किंवा माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या, उत्तरतालिका आली की मी तिथे टाकते आणि दारातल्या फळ्यावर शेवटची तारीख लिहिते. आक्षेपाच्या दिवसांत केंद्र रात्री बारापर्यंत उघडं असतं. जळकोट, देवणी, अहमदपूरकडून येणाऱ्यांनी आधी फोन करावा, मुक्कामाची वेळ आली तर मुलींची सोय माझ्या घरी होते. येताना पुस्तिका, ॲडमिट कार्ड आणि ज्यावर ओटीपी येतो तो मोबाईल, तिन्ही बरोबर आणा.